कासमचाचांचा व्हेनिसचा मुक्काम

रोज संध्याकाळी सात वाजले, की कासमचाचा खिशातलं घड्याळ काढून म्हणायचे, "आली मिलानला. पाच मिनिटं लेट."

आली म्हणजे पॅरिसहून व्हेनिसला जाणारी गाडी. मखमली गाद्यांची, पितळी दिव्यांची. आणि हे म्हणायचे कुठे, तर साठच्या दशकातल्या दुबईत, खाडीकाठच्या आमच्या खोलीत. तिथे शेकडो मैलांत रूळ नव्हता. पाणीसुद्धा गाढवावरून डब्यांतून यायचं.

मी चिपळूणचा, एका बोट कंपनीच्या एजंटाकडे टायपिस्ट. चाचा दाभोळचे, त्याच एजंटाचं गोदाम सांभाळायचे. ऑफिसात आलेली युरोपातल्या रेल्वेची जुनी वेळापत्रकं आणि हॉटेलांची रंगीत माहितीपत्रकं ते रद्दीतून उचलून आणत. बाकीचे पत्ते कुटत बसायचे, तेव्हा चाचा व्हिएन्नाला गाडी बदलत असायचे.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण ते खरोखरीच्या हॉटेलांना पत्रं पाठवायचे, आणि ती टाइप करायचो मी. "लिही, मिस्टर अँड मिसेस. खोली पाण्याकडची पाहिजे. बांगडा मिळतो का विचार."

"चाचा, व्हेनिसमध्ये बांगडा?"

"समुद्र आहे ना तिथे? मग? यल्ला, लिही."

एकदा त्यांनी आंघोळीला बालदी आणि तांब्या मागितला. टबात बसणं म्हणजे आपल्याच मळात भिजणं, असं त्यांचं ठाम मत. हॉटेलवाल्यांनी सोनेरी छाप्याच्या जाड कागदावर अदबीनं उत्तर दिलं: चांदीची बालदी खोलीत पोचवू, सोबत बर्फ आणि शॅम्पेन. चाचांनी दोन्ही कानांना हात लावले. "अस्तगफिरुल्ला! दारूच्या बालदीनं आंघोळ? ते हॉटेल खलास." दोन दिवस ते त्या मॅनेजरवर रुसून होते.

अशी सगळी उत्तरं ते खतिजाचाचींना गावी पाठवून देत. स्वतः मात्र जात नसत. सहा वर्षं झाली होती. साहेब रजा द्यायला तयार, मुंबईच्या बोटीचं तिकीट आमच्याच ऑफिसात मिळे, पण चाचा म्हणत, "पुढच्या साली, इन्शाल्ला." मला त्यांचा राग यायचा. बायको दाभोळात वाट बघते आणि हा माणूस तिला कागदावर युरोप दाखवतो, याला काय म्हणावं?

मग एकदा चाचांचे डोळे आले. लालभडक, चिकटलेले. नेमकं तेव्हाच चाचींचं पत्र आलं. चाची सांगायच्या आणि शेजारची एक मुलगी लिहून द्यायची. एरवी ती पत्रं चाचा कुणाला दाखवत नसत. त्या दिवशी म्हणाले, "तूच वाच बाबा."

मी वाचू लागलो. "व्हेनिसचं हॉटेल आवडलं. खिडकीतून होड्या दिसतात तेही बरं. पण तुम्ही मला फार चालवता. त्या दिवशी किती पूल चढायला लावलेत. माझे पाय दुखायला लागले. आता युरोप पुरे. घरी चला."

मला हसू आलं. "चाची तुमच्यावर कडी करतात की."

चाचा हसले नाहीत. "सात साल झाली, जिन्यावरून पडली. तेव्हापासून पलंगावर आहे. कमरेखाली जीव नाही तिच्या."

"मग जात का नाही तुम्ही?"

"गेलो तर ती पडलेली दिसेल. पत्रात माझ्याबरोबर चालते."

इतके दिवस या माणसावर रागावलो, त्याची लाज वाटली आणि त्याच्यासाठी जीव तुटला. चाचा सुजलेले डोळे पुसत होते.

"पाय दुखायला लागले, तेवढं परत वाच."

मी तीनदा वाचलं. मग ते उठून बसले.

"रजेचा अर्ज टाइप कर."

"कारण काय लिहू?"

"मिसेस दमली आहे," चाचा म्हणाले. "तिला घरी न्यायचं आहे, असं लिही."