शंकरकाका आणि रुसलेली पॅकेजं

कॉम्प्युटर बिघडला की शंकरकाका आधी टोपी काढून बाजूला ठेवतात आणि स्क्रीनलाच विचारतात, "कोण रुसलंय?" खुर्चीवर बसतात ते त्यानंतर.

वसमतच्या स्टँडमागं त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे, त्याला लागून माझं झेरॉक्सचं. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून व्हायरस येऊन येऊन काका कावले आणि साठीच्या तोंडावर लिनक्स शिकले. कुणाकडून? कुणाकडूनच नाही, एरर वाचून! इंग्रजी अर्धंमुर्धं, पण चिकाटी अशी की गोचिडानं हार मानावी.

लिनक्सची तऱ्हा अशी, की एक प्रोग्राम टाकायचा तर त्याला लागणारी बारकीबारकी पॅकेजं आधी हजर पाहिजेत. एखादं नसलं, किंवा जुनं निघालं, की सगळं अडतं. शिकलेले लोक त्याला डिपेंडन्सी म्हणतात. काका म्हणतात सोयरे. "नवरदेव आणायचा तर मामा पायजे, मामा आणायचा तर मामी पायजे. अन् मामी म्हणती, थोरली जाऊ येऊन राहिली तर मी येत न्हाई." असं पुटपुटत ते एकेकाची समजूत काढतात. मला त्यातलं ढिम्म कळत नाही, पण ऐकत बसावंसं वाटतं.

गावातल्या दुरुस्तीवाल्यांना एकच मंत्र येतो, फॉरमॅट मारा. काकांना तो शब्द शिवीसारखा लागतो. माझ्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू असताना लाइट गेली आणि तो पार आडवा झाला, तेव्हा दोघांनी हेच सांगितलं. काकांनी दीड दिवस खपून, एकही फाइल न हलवता तो उभा केला आणि वर चहा मलाच पाजला. असा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही, हे मी कुणाहीपुढं म्हणेन.

आणि या माणसाशी त्याचा सख्खा थोरला भाऊ आठ वर्षं बोलत नव्हता. काकांच्या पोरीच्या लग्नपत्रिकेत, निमंत्रकांमध्ये दादांचं नावच आलं नाही. आपल्याकडं जेवणात मीठ नसलं तर एक वेळ चालतं, पत्रिकेत नाव नसलं तर नाही. दादा सेनगावच्या पुढं साखऱ्याला राहतात, तिथून ते लग्नाला आलेच नाहीत. काकांचं म्हणणं ठाम होतं. नाव टाकलं होतं, त्याच आठवड्यात पॅकेजं बिघडली आणि छापताना ओळ गळाली. "फाइल उघडून दाखवतो दादाला," एवढंच ते म्हणायचे.

पण ती फाइल जुन्या प्रोग्रामची. तो मागणार जुनी पॅकेजं, आणि ती बसवली की नवी रुसणार. किती वेळा बसवलं अन् किती वेळा मोडलं, देव जाणे. यंदा मात्र काकांनी जुनी सीडी शोधून काढली आणि नव्यांना धक्का न लावता जुन्यांची पंगत वेगळी मांडली. परवा सकाळी मी माझं दुकान उघडत होते तेवढ्यात मला हाक आली, "ताई, या जरा साक्षीला."

फाइल उघडली. निमंत्रकांत सगळी नावं होती. फक्त सगळ्यांत वरची ओळ रिकामी होती.

काकांनी त्या रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आठवलं. दादाचं नाव मोठ्या अक्षरात, नक्षीत घ्यायचं म्हणून जागा सोडली व्हती. टाकायचं माझ्याकडूनच राहिलं."

मी म्हटलं, काका, जागा तर सोडली होती ना, त्याचीच प्रिंट घेऊन जा, दादांना कळेल. ते नको म्हणाले. आठ वर्षं यंत्राला बोल लावला, आता जागेचं निमित्त कशाला, असं त्यांचं म्हणणं. दादांचा नंबर मात्र मला माझ्या फोनवरून लावायला सांगितला, कारण काकांचा नंबर दिसला की दादा उचलत नव्हते.

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. काका उभ्या उभ्याच बोलले, "दादा, शंकर बोलून राहिलो. नाव मीच इसरलो व्हतो. मशीनचं काही न्हाई. चुकलं माझं."

पलीकडं दादा खाकरले.

"साखऱ्याची गाडी वेळेवर नसती," ते म्हणाले. "तू सेनगावला उतर. मी स्टँडवर येऊन थांबतो."