ओवाळणीत आलेल्या मूत्रपिंडावर आम्ही चालून गेलो त्याची हकीकत

धनी, दगा तुम्ही केला. मस्तकी बसून हुकूम सोडता, आणि आम्ही पांढऱ्या पेशींचे शिपाई रक्तात उभे असता आम्हांस न पुसता परके आत घेतले, हे आधी लिहितो, मग श्रीकार घालितो. श्रीरक्तेश्वर प्रसन्न. शके १९४१, विकारी नाम संवत्सरे, कार्तिक शुद्ध द्वितीया, म्हणजे भाऊबीज, त्या दिवसापासूनची ही हकीकत. राज्य म्हणजे हा देह. त्वचा हा तट, रक्त ही वाट. राज्याची दोन्ही मूत्रपिंडे सुकून पडली, आणि पाणी तुंबले, आणि तोंडावर सूज चढली, आणि मग धन्यांच्या थोरल्या बहिणीने रीतच उलटी केली. ओवाळणी घ्यावयाची ती दिली, आपले एक मूत्रपिंड भावाच्या ओटीपोटी घातले. ते येताच सूज उतरली, आणि राज्यात त्यास बाईसाहेब म्हणो लागले. सकाळी वैद्य येती आणि पुसती, "बाईसाहेबांनी पाणी किती काढिले?" संध्याकाळी तेच. आम्ही विषमज्वर परतविला, गोवर परतविला, जखमांत मरून पू होऊन वाहिलो. आमचे कोणी एकदा तरी पुसले? आम्ही मत्सराने पेटलो.

मग आमचे नाईक हैबतराव तिच्या दारी गेले आणि बोलिले, "बाई, शिक्का दाखवा." छातीच्या हाडामागे आमची तालीम आहे, तेथे शिकवण एकच, की पेशीवरचा आपला शिक्का ओळखावा, परका दिसेल तो मारावा, आणि आपल्यांवरच जो हात उचलील त्यास तालमीतच गाडावे. तिने शिक्का दाखविला. नाईक हसले. "अर्धाच आमचा! उरलेला कोठून चोरला?"

ती बोलिली, "चोरला नाही, नाईक. भावाबहिणीचा अर्धाच जुळला. मी पाणी उपसावयास आले, गादीवर बसावयास नव्हे."

"गोड बोलता हो! आल्या दिवसापासून मानाचे पान तुम्हांस, आणि आम्ही काय उष्टी काढावी?"

परंतु वैद्यांनी आमच्यासाठी गुंगीच्या गोळ्या धन्यांस चारिल्या होत्या, म्हणोन तलवार उचलेना. पुढे धनी निर्धास्त जाहले, "आता मी ठणठणीत" म्हणोन मेव्हणीच्या लग्नाच्या गडबडीत गोळ्या सोडिल्या, आणि आमची गुंगी उतरली. मग विचारता काय! सारे चालून गेलो, आणि तिच्या बारीक शिरा कोंडिल्या, आणि भिंती फोडिल्या, आणि ती पाणी उपसतच होती, आणि शेवटी थेंब थेंब येऊ लागले. ताप चढला, सूज फिरोन आली, आम्ही जयघोष केला. तेव्हां एक म्हातारा शिपाई बोलिला, "नाईक, ही मेली तर विष कोण काढील? आपणही याच पाण्यात बुडणार ना?" नाईकांचे तोंड उतरले, पण हात थांबेना, तालमीने थांबावयाचे शिकविलेच नव्हते. मग वैद्य धावले, शिरेतून औषध सोडिले, आणि आमची फौज कापिली, आणि ती निम्मी वाचली.

सारांश, ती निम्म्या बळाने पाणी काढिते, आम्ही गुंगीत तट राखितो, आणि बाहेर ज्वर दार ठोठावीत आहे. तिच्याविषयीचा आमचा मत्सर आजही जळतो, झाकीत नाही. तिचे कौतुक खुशाल करा. पण धनी, एक जबाब द्या. ती आपली होती, तर आम्हांस ते कोणी आणि केव्हां सांगितले?