सुपडाकाकांचा डावा पाय

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाने जपायचं काय, छाती की डावा पाय? हसू नका. आमच्या धाड गावच्या बाजारात विचाराल तर निम्मं गाव ‘पाय’ म्हणेल. कारण आमचे शेजारी सुपडाकाका.

काकांचा वांग्या-मिरच्यांचा मळा. मळ्यातच छातीत कळ आली आणि बुलढाण्याला दवाखान्यात राहून ते परतले. तेव्हापासून एसटीतून उतरताना उजवा पाय आधी. बसले की डावा पाय उशीवर. पोरं जवळून पळाली की गर्जना, “पायाले धक्का लागला तं मेलोच ना बे मी!”

“काका, कळ छातीत आली होती,” मी म्हणालो.

“मशीनले तुह्यापेक्षा जास्त समजते. मनगटाले, पायाले, छातीले, सगळीकडं तारा लावल्या. डॉक्टर म्हणे, डाव्या पायाच्या तारेत बिघाड दिसते. पाय कोनाचा? माहा!”

गावात गोंधळ उडाला. हॉटेलवाला म्हणाला, मग चहा चालेल, तो पायापर्यंत पोचतच नाही. काकांचे व्याही तर त्यांना टेकायला काठी घेऊनच भेटायला आले. मी अज्ञानाविरुद्ध पत्रकं काढणारा माणूस. मथळा तयार केला: ‘हृदय पायात नसते!’ छापण्याआधी खात्री करावी म्हणून बुलढाण्याला त्या डॉक्टरांकडे गेलो.

“तारा म्हणजे खिडक्या,” डॉक्टर म्हणाले. “डाव्या पायाच्या खिडकीतून हृदयाचा खालचा भाग दिसतो. इजा तिथं आहे. पण पुढे धोका किती, ते एका कार्डिओग्रामवर ठरत नाही. रेषा जागेवर आल्या का, मध्येच चुकार ठोके पडतात का, हे पुन्हा काढून बघावं लागतं. मग सांगता येतं, मळ्यात किती राबायचं. त्यांना बोलावलं होतं, आलेच नाहीत.”

“त्यांना हे समजलेलंच नाही, डॉक्टर.”

“छान समजलंय. माझ्यापुढे त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं.”

आता गोंधळायची पाळी माझी होती. तणतणतच मळ्यात गेलो. काकू पलीकडच्या वाफ्यात मिरच्या तोडत होत्या.

“हळू बोल बे,” काका म्हणाले. “मले पहिल्याच दिवशी समजलं. पन तिले काय सांगू, काळीज बिघडलं? दवाखान्यात तिच्या तोंडात घास जात नव्हता. मंग म्या पाय सांगतला. आता रोज तेल कोमट करते, पाय रगडते, आन् मंगच भाकर खाते. पाय तिच्या हाती देता येते. काळीज कसं देऊ?”

“मग पुन्हा तपासणी?”

“एकटं जाऊ देत नाही तुही काकू. सोबत आली, का डॉक्टर छातीचं बोलन.”

असत्याविरुद्ध मी इतकं लिहिलं, पण या असत्याचं काय करावं ते मला कळत नाही. पत्रक तसंच पडून आहे. आणि काकांचा धोका किती, हे कोणालाच ठाऊक नाही.

तेव्हा धाडकरांनो, एक काम करा. बुलढाण्याला जाणार असाल तर काकांना सोबत न्या आणि कार्डिओग्राम काढून आणा. मी नेलं असतं, पण काकूंनी विचारलं की माझ्या तोंडून खरं निघून जातं. तुम्ही सांगा, पाय दाखवायला नेतोय. हा मजकूर मात्र काकूंना वाचून दाखवू नका. आणि निघताना, त्या दारात उभ्या असतील, तेव्हा काकांना उजवा पाय आधी टाकायची आठवण करा.