डबी पोचली पायजे

गल्ली किती रुंद असावी, हे आमच्या टोकावड्यात टेपने ठरत नसे. गणपामिस्त्रीच्या चुन्याच्या डबीने ठरे. गवंडी लोक चुना लावतात हे ऐकून होतो, हा फेकायचा! नव्या घराच्या जागेवर स्वतः बसणार, मालकाला समोरच्या ओट्यावर बसवणार आणि डबी भिरकावणार. बसल्या जागी झेलली, तर गल्ली बरोबर. नाही झेलली, तर "घर फुडं घ्या. डबी पोचली पायजे!"

एकदा नव्या वस्तीचा नकाशा घेऊन एक इंजिनियरसाहेब आले. सरळ रेषेत घरं, मध्ये तीस फुटी रस्ता. मिस्त्रीने नकाशाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "साहेब, झेला," म्हणाला. साहेब "काय?" म्हणेपर्यंत डबी चष्म्यावर! "बघा, यवड्यात बरोबर पोचली. तुमच्या तीस फुटात कोन कोनाला चुना देनार?"

दारासमोर दार मात्र काढू देत नसे. "समोरच्याची चूल दिसाय नको, त्वांड दिसाय पायजे." शेजारच्या वैशाखरे गावातल्या एका हौशी गृहस्थाला बंगल्याला ओटा नको होता, नुसतं ग्रिल हवं होतं. बिचारा चार दिवस लग्नाला गेला. परत येऊन पाहतो तर ग्रिलबाहेर ऐसपैस ओटा, आणि त्यावर मिस्त्रीसकट अर्धी आळी गप्पा मारत बसलेली.

मग माझी पाळी आली. मिस्त्रीच्या घरासमोर दामू नावाचा त्याचा शेजारी राहायचा. तो वारला, मुलं कल्याणला गेली, घर पडलं. ती जागा मी घेतली. मी शाळामास्तर. दिवसभर साठ पोरांचा कलकलाट ऐकून आल्यावर मला कुणाचं तोंड बघायचं नसतं, खरं सांगतो. म्हणून पाच फुटी कंपाउंडची भिंत सांगितली.

"भित? हितं नाय."

"अहो, जागा माझी आहे!"

"जागा तुमची, गुरुजी. गल्ली दोगांची."

आणि थापी उचलून चालता झाला. मीही इरेला पेटलो. मुरबाडहून दुसरा गवंडी आणला, तर तो निघाला याचाच चेला. "मिस्त्री हो म्हनले तर बांधतो," म्हणाला. शेवटी चडफडत ओट्याला कबूल झालो.

ओटा झाला त्या संध्याकाळी मी चहा घेऊन बसलो होतो. समोरून डबी आली. कशी कोण जाणे, झेलली. उघडली तर आत नुसता गंज.

"मिस्त्री, चुना संपलाय की!"

"बारा वर्सं झाली, तंबाखू सोडली. तरी दामू रोज झेलायचा. त्यो गेला. आता झेलनार कोन?" मग म्हणाला, "तुमी फकस्त परत टाका."

मी डबी परत टाकली. या माणसासमोर मी भिंत बांधायला निघालो होतो!

वर्गात पोरांना तंबाखू न खाण्याची शपथ देणारा मी मास्तर. पण रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ती रिकामी डबी झेलतो, परत टाकतो. एखाद्या दिवशी ती आली नाही, तर चहा तसाच ठेवून समोर बघून येतो.