अप्पांची परात

मन्मथअप्पांच्या घरी भाकरीला पेट्रोलचा वास येतो. रेणापुरात आमच्या गल्लीला हे माहीत आहे, आणि त्याचं कारणही. काकू जिच्यात पीठ मळतात ती परात दर रविवारी सकाळी अप्पा पळवतात, ओट्यावर मांडतात आणि कुणाच्या तरी मोटारसायकलचा कार्बोरेटर तिच्यात खोलून बसतात.

अप्पा मेकॅनिक नाहीत. जन्म गेला कापडाच्या दुकानात. गाडी त्यांना चालवताही येत नाही. पण कुणाची गाडी गचके खात निघाली, की ओट्यावरून हाक आलीच, "थांब रे! कचरा हाय, दुसरं काही न्हाई."

त्यांचं निदान एवढंच. मला ताप आला तेव्हाही तेच, जावई रुसला तेव्हाही तेच.

लिंगपूजा आटोपून, कपाळावरच्या विभूतीसकट ते कामाला बसतात. स्क्रू उजवीकडं, इंजिनाला पेट्रोल सोडणारं पितळी जेट डावीकडं. मध्ये बोट घातलं तर चापट. जेट पेट्रोलनं धुवायचं, फुंकायचं आणि एक डोळा मिटून उन्हाकडं धरायचं. सुईएवढ्या भोकातून उजेड दिसला की आपल्या हातात द्यायचं. "बघ, दिसालंय का?" आपण 'हो' म्हणेपर्यंत पुढचं काम नाही. आतून काकूंचा आवाज, "माझी परात द्या आधी! का कार्बोरेटरचीच भाकर करू?"

बी.ए.च्या शेवटच्या पेपरला मी लातूरला निघालो आणि वडिलांची जुनी गाडी ओट्यासमोरच बंद पडली. मला रडू यायचं बाकी होतं. अप्पांनी पंधरा मिनिटांत कार्बोरेटर खोलून, धुऊन परत बसवला. "जा बिनघोर. गाडीतला कचरा मी काढला, डोक्यातला तुझा तू बघ." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीलाही थोडा पेट्रोलचा वास आहे.

नोकरी लागल्यावर नवी गाडी घेतली आणि पेढे घेऊन आधी अप्पांकडं गेलो. त्यांनी वाकून दोन्ही बाजूंनी पाहिलं.

"कार्बोरेटर कुठं हाय?"

"ह्यात नसतो, अप्पा. पेट्रोल आता कॉम्प्युटर सोडतो."

"मग कचरा कुठं जातो?"

मी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो तसाच धरून अप्पा घरात गेले.

हळूहळू गल्लीतल्या बहुतेकांनी तसल्याच गाड्या घेतल्या. एका शनिवारी काकूंनी मला बाजारात गाठलं. "कुणी येईना गेलंय रे. मीच परात घासूनपुसून ओट्यावर ठेवते. हे नुसतं बसतेत तिच्याकडं बघत."

दुसऱ्या दिवशी वडिलांची जुनी गाडी, चांगली चालू असलेली, मी ढकलत ओट्याशी नेली. "अप्पा, सुरूच होईना बघा."

अप्पांनी परात पुढं ओढली. कार्बोरेटर खोलला. आतून लख्ख. तरी त्यांनी जेट उन्हाकडं धरलं. आधी एका डोळ्यानं त्यातून पाहिलं, मग दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं. मी मान खाली घातली.

"लई कचरा हाय," अप्पा म्हणाले. "दुपार होईल. बस."

आतून लगेच काकू कडाडल्या, "माझी परात कुठं नेली म्हणते मी!"