दोन गुडघे आणि पाच लक्षणं

सासरेबुवा सकाळपासून अकराव्यांदा गॅलरीत जाऊन परत आले, तेव्हा डब्याचं झाकण लावता लावता सूनबाईने विचारलं, "बाबा, काही हरवलंय का?"

"अजून नाही. पण हरवणार आहे," सासरेबुवा म्हणाले. "सूनबाई, ठेव मोडायची. आजच्या आज."

"झालं!" खुर्चीत बसून भाजी निवडणाऱ्या सासूबाई म्हणाल्या. "बघितला वाटतं आणखी एक भाग."

गेला आठवडाभर सासरेबुवा एक माहितीपट बघत होते. कुठल्याशा दूरच्या देशातली मोठी बँक कशी बुडाली, संचालकांनी पैसे कसे खाल्ले आणि मग अख्ख्या देशाचा व्यवहार कसा बसला, याचे सहा भाग होते. भाग पाऊण तासाचा असे. पण त्याच्याखाली प्रेक्षकांनी लिहिलेल्या प्रतिक्रिया वाचायला सासरेबुवांना अडीच तास लागत. त्यांनी चौतीस वर्षं एका कारखान्यात बॉयलर सांभाळला होता. काटा लाल रेघेकडे सरकतो का ते बघत बसायचं, एवढंच काम. चौतीस वर्षांत तो एकदाही सरकला नाही. निवृत्तीनंतर ती न वापरलेली काळजी घरात येरझाऱ्या घालत होती.

"पाच लक्षणं सांगितलीत," ते बोटांवर मोजत म्हणाले. "एक, शाखा एकाएकी चकाचक होते. दोन, कर्मचारी गोड बोलायला लागतात. तीन, मॅनेजर केबिनच्या बाहेर दिसतो. चार, पैसे भरणाऱ्यांपेक्षा काढणारे वाढतात. आणि पाच, पैसे सुरक्षित असल्याची पाटी लागते. पाटी लागली की संपलं!"

"पण आपली मुदत गुरुवारी संपतेय, बाबा. आज सोमवार. तीन दिवसांसाठी सात वर्षांच्या व्याजाला कात्री लागेल."

"किती कापतील गं?" सासूबाईंनी विचारलं.

"साधारण एक गुडघा," सूनबाई म्हणाली.

पुढच्या सोमवारी सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरली होती. ठेव पूर्ण व्याजासकट हातात आली तर पैसे जेमतेम दोन गुडघ्यांना पुरत होते.

"एक नवा आणि एक जुना घेऊन मी काय करू?" सासूबाईंनी विचारलं. "गोल गोल फिरू?"

"अगं, बँक बुडाली तर एकही होणार नाही!"

परगावी गेलेल्या नवऱ्याला फोन लावला, तर तो "तूच बघ" म्हणून मोकळा झाला. सूनबाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायची नाही. पाणी स्वच्छ दिसतंय असं कोणी म्हटलं की ती "दिसतंय ना?" एवढंच विचारायची. तिने तोडगा काढला. बँक प्रयोगशाळेच्या रस्त्यावरच होती. रोज जेवणाच्या सुट्टीत तिथे जाऊन ती पाचही लक्षणांची नोंद करणार. तीन लक्षणं दिसली तर ती स्वतः पैसे काढून आणणार. तोवर ठेवीला कोणी हात लावायचा नाही.

सासरेबुवांनी कपाटातून पावती काढली, मागच्या बाजूला सही ठोकली आणि तिच्या हातात दिली. "धावायची वेळ आली तर सहीपायी अडायला नको."

दुपारी सूनबाई बँकेत जाऊन बाकावर बसली. पर्समधून वही काढून तिने रकाने आखले. तीनपैकी दोन पंखे बंद होते. भिंतीवरचं घड्याळ सव्वादहा दाखवत होतं. तिने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं आणि लिहून घेतलं. दोरीने बांधलेल्या पेनात शाई नव्हती. रोखपालबाई फोनवर कुणाला तरी पडद्याचं माप सांगत होत्या आणि मधूनच, मान वर न करता, "पुढचा!" म्हणून ओरडत होत्या. मॅनेजर केबिनमध्ये टेबलावर हात ठेवून, हातांवर हनुवटी ठेवून, अगदी शांत होते.

पिण्याच्या पाण्याच्या यंत्रापाशी आल्यावर सूनबाईला राहवलं नाही. तिने पाण्याचा वास घेतला, ग्लास उजेडात धरला आणि पर्समधल्या छोट्या बाटलीत नमुना भरून त्यावर तारीख आणि वेळ घातली. हे ती सगळीकडेच करायची. लग्नाच्या दिवशीही केलं होतं.

संध्याकाळी तिने सासरेबुवांना अहवाल दिला. "एकही लक्षण नाही. बँक अत्यंत गबाळी आहे. म्हणजे तुमच्या हिशेबाने ठणठणीत."

सासरेबुवा पहिल्यांदाच खुर्चीत पूर्ण टेकून बसले.

सूनबाईने काय काय बघितलं ते तिने लिहून ठेवलं होतं. पण तिच्याकडे कोण कोण बघत होतं हे तिच्या वहीत नव्हतं. केबिनमधल्या मॅनेजरांनी एक डोळा उघडला होता. पाऊण तास बसलेली बाई, पैसे न भरता, न काढता, पंखे मोजते, घड्याळ तपासते, पाण्याचा नमुना सीलबंद करते, हे त्यांनी पाहिलं होतं. मुख्य कचेरीतून वेश पालटून तपासनीस येतात असं ते वीस वर्षं ऐकून होते.

मंगळवारी सूनबाई बँकेच्या दारात आली आणि थबकली. दारात दोन्ही बाजूंना कुंड्या होत्या. आत तिन्ही पंखे गरगरत होते. घड्याळ चालू होतं, आणि बरोबर चालू होतं. पेनांच्या जागी नवी पेनं, बाकावर पुसल्याचा ओला पट्टा, आणि गळ्याशी घट्ट टाय लावलेले मॅनेजर केबिनबाहेर उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाला "या, बसा" म्हणत होते.

पुढे इस्त्रीवाला उभा होता. त्याची पाळी आल्यावर रोखपालबाई दात दाखवत म्हणाल्या, "बोला साहेब, काय सेवा करू?"

इस्त्रीवाल्याने मागे वळून पाहिलं. मागे फक्त सूनबाई होती. त्याचा चेहरा उतरला. "ताई," तो हळूच म्हणाला, "ही मला साहेब म्हणाली. बारा वर्षं येतोय मी इथं. मला वाटायचं तिला माझं नाव 'पुढचा' आहे असं वाटतं."

"मग?"

"मग काय! काहीतरी शिजतंय." पैसे भरायला आलेल्या इस्त्रीवाल्याने ते खिशात घातले, वर खात्यातले होते तेही काढले आणि झपाझप निघून गेला. सूनबाईने 'काढणारे' या रकान्यात एक रेघ ओढली. मॅनेजरांनी ती रेघ पाहिली आणि रुमालाने कपाळ पुसलं.

त्या दुपारी प्रयोगशाळेत, नऊ वर्षांत पहिल्यांदा, सूनबाईच्या हातून तपासणीचं द्रावण दोन थेंब जास्त पडलं. तीन लक्षणं झाली होती. पण एका दिवसाच्या नोंदीवरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं तिने स्वतःला बजावलं. मग सासूबाईंचे गुडघे आठवले. मग पुन्हा बजावलं.

घरी सासरेबुवांनी तक्ता तीनदा वाचला. आश्चर्य म्हणजे ते आरडाओरडा न करता फोन घेऊन गॅलरीत गेले. सूनबाईला वाटलं, माणूस शहाणा होतोय.

बुधवारी बँकेची रांग कुंड्या ओलांडून रस्त्यावर आली होती. टोकाला इस्त्रीवाला होता. त्याने या वेळी मेहुण्याला आणि मेहुण्याच्या शेजाऱ्याला आणलं होतं.

"एवढे लोक कसे?" सूनबाईने विचारलं.

"तुम्हाला माहीत नाही?" त्याने फोन पुढे केला. "त्या माहितीपटाखाली कुणीतरी टाकलंय. चारशे लोकांनी लिहिलंय, पळा म्हणून."

पडद्यावर सूनबाईच्या अक्षरातला तक्ता होता. वर बँकेचं नाव होतं, त्यावर सासरेबुवांचा अंगठा होता. अंगठ्याखाली मात्र 'सव्वादहाला थांबलेलं घड्याळ, आता चालू' ही ओळ अगदी स्वच्छ वाचता येत होती. आणि ते घड्याळ सबंध गावाला माहीत होतं.

सूनबाईने कपाळाला हात लावला. मग सवयीने रांग मोजली. काढणारे एकवीस, भरणारे शून्य. एका माणसाला चार मिनिटं. एवढ्यात मॅनेजरांनी काचेवर आतून कागद चिकटवला: 'आपले पैसे पूर्णपणे सुरक्षित आहेत.' रांगेतून एक दीर्घ सुस्कारा निघाला.

पाचही झाली. कारण काही का असेना, टाकीतलं पाणी उपसलं जात होतं हे तर खरंच होतं. उद्यापर्यंत थांबावं तर दोन्ही गुडघे जातील. आज काढले तर निदान एक तरी. आयुष्यात अपूर्णांकांवर तिचा कधी राग नव्हता, तो आज आला. तिने पर्समधून सही केलेली पावती काढली आणि ती रांगेत उभी राहिली.

सव्वा तासात ती खिडकीपासून तिसरी झाली, तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला.

"सूनबाई! रांगेतून बाहेर ये!" सासरेबुवा घरच्या चपलांवर धापा टाकत आले होते. "आधी बाहेर ये!"

"बाबा, पाचही लक्षणं दिसतायत!"

"खड्ड्यात गेली लक्षणं. मी सहावा भाग बघितला. ती बँक बुडतच नव्हती गं! संचालकांनी खाल्ले ते खाल्लेच, पण उरलेले पुरत होते. बुडवली ती रांगेने. रांगेतल्या माणसांना खाली लोकांनी असल्या शिव्या घातल्यात, वाचवत नाहीत."

"मग तुम्ही तक्ता कशाला टाकलात?"

"तेव्हा पाचवाच भाग झाला होता!" म्हणत सासरेबुवांनी तिच्या हातातली पावती खेचली.

"द्या ती पावती इकडे."

"नाही द्यायची. दोन गुडघे म्हणजे दोन गुडघे!"

पावतीचं एक टोक सूनबाईच्या हातात, दुसरं सासरेबुवांच्या. रांग आपलं दुःख विसरून बघू लागली. तेवढ्यात मॅनेजर एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात फाइल घेऊन गर्दीतून वाट काढत आले.

"मॅडम, आपण उभ्या कशाला? बसा ना. तुमच्या सगळ्या नोंदींची पूर्तता केलीय बघा. पंखे, घड्याळ, पाणी. फक्त या गर्दीचं तेवढं अहवालात लिहू नका हो. माझी दोनच वर्षं राहिलीत."

"कसला अहवाल?"

"आपण... मुख्य कचेरीच्या ना?"

"मी? मी पाणी तपासते."

"पाणीच तपासायला पाठवलंय?"

"कुणी पाठवलं नाही हो. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यांचे पैसे आहेत तुमच्याकडे. बँक बुडतेय का ते बघत होते."

मॅनेजरांनी खुर्ची खाली ठेवली आणि त्या खुर्चीवर स्वतःच बसले. "म्हणजे कुंड्या मी उगाच आणल्या?" ते म्हणाले. "आमच्या घरच्या आहेत त्या. बायको परवापासून बोलत नाहीये."

"ऐका!" सासरेबुवा रांगेकडे वळून ओरडले. "बँक बुडत नाहीये! हिने लिहिलं म्हणून यांनी रंगरंगोटी केली, ती बघून तुम्ही घाबरलात. घरी जा!"

"पढवून आणलंय म्हाताऱ्याला," मेहुण्याचा शेजारी म्हणाला. "सहावं लक्षण असणार हे."

रांग पुढे सरकली. कोणी खुर्चीला धक्का दिला, एक कुंडी आडवी झाली, कोणाचा तरी हात खिडकीच्या जाळीतून आत गेला. दोन दिवस ओठ ताणून ताणून गाल दुखायला लागलेल्या रोखपालबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. आणि त्यांच्यात काहीतरी तुटलं.

"ओ! हात मागे घ्या आधी! काचेला टेकू नका सांगितलं ना? चष्मा लावा नि वाचा, जेवणाची सुट्टी झाली! काढायचेत ना? तीननंतर यायचं. फॉर्म भरून यायचं. दोन प्रती. खाडाखोड असेल तर तोंडावर फेकीन!" आणि त्यांनी खिडकीचं दार धाडकन लावून घेतलं.

पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. इस्त्रीवाल्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग चढला.

"ही!" तो गहिवरून म्हणाला. "ही आपली बँक आहे. बुडणारी बँक असं बोलायची हिंमत करील का?"

"दोन प्रती म्हणाली," मेहुण्याचा शेजारी म्हणाला. "म्हणजे काळजी नाही."

पाच मिनिटांत रांग विरघळली. काहींनी तर मॅनेजरांना जाता जाता कुंडी सरळ करून दिली. सूनबाईने पावतीचं टोक सोडून दिलं. कागदावर बोटाचा ओला ठसा उमटला होता.

गुरुवारी दोघं पुन्हा बँकेत गेले. त्यांना तीन खिडक्या फिरायला लागल्या, दोनदा सही जुळली नाही म्हणून परत पाठवलं, आणि रोखपालबाई सासरेबुवांना म्हणाल्या, "आजोबा, घाई असेल तर घरी बसा." प्रत्येक अपमानासरशी सूनबाईचा जीव थोडा थोडा खाली पडत गेला. शेवटी पूर्ण रक्कम, सात वर्षांच्या व्याजासकट, हातात आली.

"किती?" घरी पाऊल टाकताच सासूबाईंनी विचारलं.

"दोन्ही," सूनबाई म्हणाली. सासूबाईंनी मान दुसरीकडे वळवली आणि बराच वेळ भाजीच निवडत राहिल्या.

सासरेबुवांचं मन मात्र खात होतं. चारशे माणसांना आपण पळवलं, आता थांबवायलाही हवं. त्यांनी माहितीपटाखाली प्रामाणिकपणे सगळं लिहिलं: बँक सुखरूप आहे, पूर्ण व्याज मिळालं, चूक माझी होती. मग चहा घेऊन प्रतिक्रियांची वाट बघत बसले. त्या यायला वेळ लागला नाही. सूनबाई डबा घासता घासता ऐकत होती आणि सासरेबुवा मोठ्याने वाचून दाखवत होते.

"'हे लिहायचे किती मिळाले?' अरे वा. 'बँकेचा पगारी माणूस.' हं. 'काल घाबरवतो, आज समजावतो. याच्यासारख्यांमुळेच देश बुडतात. याची आधी चौकशी झाली पाहिजे.'"

"अगदी बरोबर लिहिलंय," सासरेबुवा मांडीवर थाप मारून म्हणाले. "सोडता कामा नये असल्या माणसाला!"