सोनवणे नानांची चंद्रावरची पुस्तकं

सोनवणे नाना बोलताना कधीकधी आवाज वापरायला विसरत.

म्हणजे समोर येऊन उभे राहत, तोंड अगदी तुमच्या तोंडासमोर आणत, ओठ मोठेमोठे हलवून एक अख्खं वाक्य बोलत, आणि त्यातला एक शब्दही बाहेर येत नसे. भुवया मात्र बोलण्याबरोबर वरखाली. मग तुमचा चेहरा बघून त्यांच्या लक्षात येई. ‘अरे हो,’ म्हणत आणि तेच वाक्य आवाजासकट पुन्हा म्हणून दाखवत. वाक्य असायचं, ‘ती निळी बाटली इकडं दे.’

पहिल्यांदा हे घडलं तेव्हा मला वाटलं, मीच बहिरा झालो. कानात करंगळी घालून हलवून बघितली. पंखा ऐकू येत होता, बाहेर टेम्पोवाल्याच्या शिव्या ऐकू येत होत्या. फक्त समोरचा माणूस ऐकू येत नव्हता.

सुरतेजवळच्या भेस्तानातल्या एका साड्यांच्या प्रिंटिंग मिलमध्ये आम्ही दोघं डिझाईन खात्यात होतो. नाना कागदावर मूळ नक्षी रंगवायचे, मी तिचा एकेक रंग वेगळा काढून ट्रेसिंगवर उतरवायचो. ते धरणगावकडचे, मी पारोळ्याचा. मिलमध्ये निम्मी माणसं आमच्या खानदेशातलीच, पण नानांशेजारी जेवायला बसायला कुणी तयार नसे. कारण डबा संपला की नाना पुस्तक उघडत.

पुस्तक साधं नव्हे. इंग्रजीतल्या जुन्या, नावाजलेल्या विज्ञानकथांच्या खास संग्राहकांसाठी काढलेल्या आवृत्त्या असतात, त्यातलं. मोठ्या देवघराच्या पाटाएवढं. कापडी बांधणी, कडांना सोनेरी मुलामा, वरून बसवलेलं जाड पुठ्ठ्याचं खोकं. दर कथेला एक पानभर रंगीत चित्र आणि चित्रावर पतंगाच्या कागदासारखा पातळ पडदा. शेवटच्या पानावर चित्रकाराची सही आणि शाईनं घातलेला प्रतीचा नंबर. हा माल नानांना तापीकाठच्या रविवारच्या जुन्या बाजारात मिळायचा. बारडोलीकडचे लोक इंग्लंड-अमेरिकेत आयुष्य काढून म्हातारपणी परत येतात. ते गेले की मुलं घर रिकामं करतात, आणि रद्दीच्या गाठोड्यात असलं एखादं पुस्तक येऊन पडतं.

‘जगात मोजक्याच छापल्या,’ नाना खोक्यावरून हात फिरवत म्हणायचे. ‘त्यातली एक चालत भेस्तानात आली. का आली असंल?’

हे असं विचारायचे, की आपण उगीच दाराकडे बघायचो.

साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय ते पुस्तकाला शिवत नसत, दुसऱ्याला शिवू देत नसत. आमच्या कलर मास्टरनं एकदा भाजीचं बोट खोक्याला लावलं. नाना आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. किंवा बोलले आणि आवाज काढायला विसरले. ते कळायला काही मार्ग नव्हता.

नानांचं इंग्रजी माझ्याहून कच्चं, आणि माझं काय होतं ते सांगण्यासारखं नाही. पण कथा ते वाचतच नसत. पातळ पडदा दोन बोटांनी उचलायचे आणि चित्रावरून कथा सांगायचे. एका चित्रात समुद्र आटून गेलेला, आणि खोल तळाशी, जिथं कुणी असायचं कारण नाही, तिथं घरांच्या खिडक्यांतून दिवे लागलेले. एकात भर दुपारचा रस्ता, दारं उघडी, चुलीवर भांडी, आणि माणूस एकही नाही. मी म्हणायचो, ‘नाना, हे सगळं पुढं व्हायचंय, म्हणून लिहिलंय.’ नाना मान हलवायचे. ‘हाई व्हई जायेल शे, भाऊ.’ हे होऊन गेलेलं आहे. अहिराणीत इतक्या शांतपणे सांगायचे, की जणू त्या रस्त्यावर त्यांनी खोली भाड्यानं घेतली होती.

त्या चित्रांतलं बरंच काही साड्यांवर उतरायचं. एकदा शेठनं नव्या नक्षीचा कागद उजेडात धरला.

‘आ शुं छे, सोनवणे?’

‘केरी छे, शेठ.’

‘केरीने पग क्यारथी आव्या?’

आंब्याला पाय कधीपासून फुटले, हा प्रश्न रास्त होता. कोयरीला खाली आठ पाय होते आणि मधोमध एक डोळा. नाना म्हणाले, ‘नवी व्हरायटी छे.’ शेठनं कपाळाला हात लावला, पण सीझन डोक्यावर होता, साडी छापली गेली. आणि विदर्भात ती अशी खपली, की आम्हाला रात्रपाळी लावावी लागली. माझ्या बायकोनंही एक घेतली. दोन दिवसांनी म्हणाली, ‘अहो, हा पदर माझ्याकडे बघतो.’ वाळत घातली तर गल्लीतली कुत्री भुंकत. शेवटी तिनं ती उलट्या बाजूनं नेसायला सुरुवात केली.

नाना आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, गावी जात नसत. दिवाळीलाही नाही. आमच्यात माणूस एक वेळ पगार सोडील, आखाजी सोडणार नाही. म्हणून मिलमध्ये कुजबुज होती. कुणी म्हणे, ह्यांनी काहीतरी सिद्ध केलंय. कुणी म्हणे, घरात नुसतेच ओठ हलवत बसतात, मी खिडकीतून बघितलं.

खिडकीतून बघणारा खोटं बोलत नव्हता.

नाना एकदा कामावर आले नाहीत आणि एका बॉर्डरच्या नक्षीचा कागद त्यांच्याकडे राहिला. शेठनं मला घरी पिटाळलं. सुरतेच्या गोडादऱ्यात एका लूमच्या खात्यावर, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यावर, त्यांची खोली होती. खाली सांचे, म्हणजे माग, वर माणसं. जिना चढताना सांच्यांचा खडखडाट तळपायातून दातांत येत होता. दार उघडंच होतं. आत पांढऱ्या चादरीवर पुस्तक पसरलेलं, अलीकडे नाना, पलीकडे एक बारीकशी बाई. दोघंही बोलत होते. ओठ हलत होते, हात हलत होते, आवाज कुणाचाच नव्हता. त्या बाईनं चित्रातल्या कशावर तरी बोट ठेवलं, काहीतरी म्हटलं, आणि दोघं हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. भर दिवसा मी एक पायरी मागं सरलो.

तेवढ्यात तिनं मला बघितलं आणि पदर सावरला. नानांनी मला खाली चहाच्या टपरीवर आणलं.

‘ही इंदू,’ ते म्हणाले. ‘लग्न झालं तेव्हा दोघंही खात्यात होतो. मी सांच्यावर, ही सुताच्या कांड्या भरायची. माझे कान राहिले, हिचे गेले.’

‘वहिनी बोलत नाहीत?’

‘येतं की बोलता. पण आपला आवाज किती मोठा निघतोय ते तिला कळत नाही. गिरणीवर दळण आणायला गेली, तर बाया हसल्या. त्या दिवसापासून तिनं आवाजच टाकला. मग मी तरी घरात एकट्यानं कशाला वापरू?’

मी दुसरा चहा सांगितला.

‘आणि ही पुस्तकं?’

‘देवादिकांच्या गोष्टी तिनं लहानपणी ऐकलेल्या. त्या काढल्या की तिला आईचा आवाज आठवतो आणि रडते. ह्या गोष्टी आम्हा दोघांनाही माहीत नाहीत. चित्र बघून दोघं मिळून रचतो. मी चुकलो की ती हसते.’ मग म्हणाले, ‘एका चित्रात माणसं चंद्रावर राहतात. चंद्रावर आवाज नसतो म्हणतात. खरं का रे?’

‘खरं आहे.’

‘मग तिथं ही कमी पडणार नाही.’

कुजबुजणाऱ्यांना मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणाला पटलं असतं असं वाटत नाही. भुताची गोष्ट एकदा हातात आली की माणूस ती सहज सोडत नाही.

मग चौऱ्याण्णवचा प्लेग आला.

ज्यांनी ते सुरत बघितलं त्यांना वेगळं सांगायला नको. स्टेशनावर माणसांवर माणसं. औषधाच्या गोळीसाठी रांगा. सगळ्यांच्या तोंडावर रुमाल, ओळखीचा माणूस डोळ्यांवरून ओळखायचा. मिल बंद झाली, लूम बंद झाले. बायको-मुलांना मी मेव्हण्याबरोबर आधीच पारोळ्याला पाठवलं होतं. मिलचा एक ट्रक धुळ्याकडे निघाला, त्यात मला आणि नाना-वहिनींना जागा होती. ड्रायव्हरला गोडादऱ्याच्या नाक्यावर थांबवून मी आत गेलो. तो म्हणाला, ‘लवकर या, मी फार थांबणार नाही.’

दुपारची वेळ होती. दारांना कुलपं होती, काही दारं तशीच उघडी होती. एका ओट्यावर ताटात अर्धी भाकरी, तिच्यावर मुंग्या. इतकी वर्षं त्या भागात मी ओरडून बोललो होतो, आणि आता माझ्याच चपलांचा आवाज मला मागून कुणी येत असल्यासारखा वाटत होता. मी दोनदा वळून बघितलं.

आणि मग तो आवाज आला. धप्प. धप्प. धप्प.

एकच सांचा चालू असावा तसा. पण वीज नव्हती, खात्याला कुलूप होतं. मी कुलपाला हात लावून बघितला, फटीतून आत बघितलं. काळोखात सगळे सांचे गप्प उभे. आवाज वरून येत होता. खरं सांगतो, पळून जावं असं वाटलं. ट्रकची आठवण झाली. तरी जिना चढलो.

वहिनी उघड्या फरशीवर झोपल्या होत्या, गाल जमिनीला टेकवून. उशी बाजूला पडलेली. त्यांच्या डोक्याशी नाना गुडघ्यावर बसले होते आणि दोन्ही हातांनी एक पुस्तक उचलून फरशीवर आपटत होते. सोनेरी कडांचं. बांधणी उसवली होती, पातळ पडदे खोलीभर विखुरले होते, एक चित्र सुटून भिंतीशी पडलं होतं. नानांनी माझ्याकडे बघितलं, पण हात थांबवला नाही.

‘सांचे बंद पडले आणि ही दचकून उठली,’ ते म्हणाले. ‘म्हणाली, जमीन मेली. आवाजात म्हणाली. केवढ्यानं म्हणाली! शेजारी धावत आले, पण सगळ्यांच्या तोंडावर रुमाल. कोण काय सांगतंय, हिला दिसेना. नुसते डोळे. तेव्हापासून झोपली नव्हती.’

मी तोंडावरचा रुमाल काढून खिशात घातला.

‘नाना, नाक्यावर ट्रक थांबलाय. चला. गावी नीट झोपतील.’

‘गावाला नेली होती एकदा. हिला झोपायला अंगाखाली सांच्यांचे हादरे लागतात, आणि तिथली जमीन कायमचीच गप्प. आठ रात्री बसून होती बिचारी. म्हणून तर जात नाही.’ धप्प. धप्प. ‘आधी टाच आपटली. पाय सुजला. मग हे घेतलं. वजनदार आहे, बरोबर बसतं.’

त्यांच्या मनगटाला पिळलेलं फडकं बांधलेलं होतं. पुस्तक पुन्हा वर गेलं तेव्हा हातातून निसटलं आणि ठोका चुकला. वहिनींच्या पापण्या हलल्या, हात फरशीवर काहीतरी चाचपायला लागला.

मी कोपऱ्यातलं दुसरं पुस्तक ओढलं, खोक्यातून बाहेर काढलं आणि आपटलं.

‘एवढ्या घाईनं नको,’ नाना म्हणाले. ‘तिच्या अंथरुणाखालचा सांचा जुना होता. सावकाश चालायचा.’

मी सावकाश केलं. वहिनींचा हात थांबला, मग सैल पडला. नाना भिंतीला टेकले आणि बसल्या बसल्या त्यांची मान छातीवर आली. नाक्यावरून ट्रकचा हॉर्न आला, एकदा, मग बराच वेळ लांबवलेला. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज, आणि तोही गेला. सगळ्या गोडादऱ्यात आता आम्ही तिघंच होतो की काय कोण जाणे. मी ठोका मोडू दिला नाही.